मधमाश्या, जळवा आणि वाळलेले रक्त : नाशवंत टपालाविषयी

टपालातून जिवंत प्राणी पाठवू नयेत, हा आंतरराष्ट्रीय टपालव्यवहाराचा सर्वसाधारण नियम आहे. १८७४ साली बर्न येथे झालेल्या करारातून जी जागतिक टपाल संघटना उभी राहिली, तिच्या करारनाम्यात ही बंदी आहे आणि त्याच कलमात अपवादांची एक छोटीशी यादीही आहे. मधमाश्या, जळवा आणि रेशीमकिडे पाठवता येतात. पिकांवरच्या किडींचा नाश करणारे परजीवी व भक्षक कीटक मान्यताप्राप्त संस्थांना एकमेकींकडे पाठवता येतात. तशाच संस्थांना जैववैद्यकीय संशोधनासाठी ड्रोसोफिला कुळातल्या फळमाश्याही पाठवता येतात. यादी एवढ्यावर संपते. प्रत्येक देशाचे टपाल खाते आपल्यापुरता याहून कडक नियम करू शकते आणि अनेक देश तो करतातही. तरीही ही यादी मला फार अर्थपूर्ण वाटते. तीत बसलेला प्रत्येक जीव आकाराने लहान आहे, माणसाच्या उपयोगाचा आहे आणि काही दिवसांचा प्रवास बाहेरच्या मदतीशिवाय सोसू शकणारा आहे. यातला तिसरा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एका प्रयोगशाळेत नमुने पाठवण्याचे आणि आलेले नमुने उघडण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. रक्त, माती, बुरशी, पाने, कीटक, मुळ्या असे काहीही त्या टेबलावर येते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि तेच येथे सविस्तर मांडायचे आहे. नाशवंत वस्तू पाठवायची म्हटले की बहुतेक जण सर्वांत आधी बर्फ आणि थर्माकोलची पेटी शोधू लागतात. मला मात्र थंडावा हा पहिला नव्हे, तर शेवटचा उपाय वाटतो. आधी ती वस्तू कशाने बिघडते ते नीट समजून घ्यावे, ती स्वतःच काही दिवस टिकू शकेल अशी तिच्या आयुष्यातली एखादी अवस्था आहे का ते पाहावे, मग ती वाळवता येते का ते तपासावे आणि हे सगळे शक्य नसेल तेव्हाच बर्फाकडे वळावे. बर्फ वितळतो, सुका बर्फ उडून जातो आणि पार्सल एक दिवस उशिरा पोहोचले तर दोन्हींचा उपयोग संपलेला असतो. वस्तूच्या स्वभावात असलेला टिकाऊपणा मात्र वाटेत संपत नाही.

राणीमाशीचे पार्सल याचे उत्तम उदाहरण आहे. मधमाश्यांच्या पेटीतली राणी मेली किंवा थकली की मधपाळाला नवी राणी लागते आणि ती बहुधा दूरच्या पैदासकाराकडून मागवावी लागते. राणी स्वतःचे पोट भरत नाही, तिला कामकरी माश्या भरवतात. त्यामुळे तिला एकटी पाठवली तर शेजारी खाद्य असूनही तिचे हाल होतात. म्हणून तिच्यासोबत पाच-दहा कामकरी माश्या दिल्या जातात. फ्रँक बेंटन या अमेरिकन मधपाळाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली लाकडी पिंजरी आजही जवळजवळ तशीच वापरली जाते. हाताच्या बोटाएवढा लांब लाकडाचा ठोकळा, त्यात एकमेकांना जोडलेले तीन गोल खळगे आणि वर बारीक तारेची जाळी. टोकाच्या एका खळग्यात पिठीसाखर आणि मध किंवा साखरेचा पाक मळून केलेला घट्ट गोळा भरतात आणि उरलेल्या दोन खळग्यांत माश्या राहतात. हा गोळा मळणे हेच खरे कौशल्याचे काम आहे. तो सैल राहिला तर उष्णतेने पातळ होऊन माश्यांच्या अंगाला चिकटतो, पंख आणि श्वासरंध्रे बुजतात आणि माश्या मरतात. तो फार कोरडा झाला तर माश्यांना तो खाताच येत नाही. बोटाने दाबल्यावर दबेल पण बोटाला लागणार नाही, इतपत तो असावा लागतो. अशी पिंजरी हातात धरून कानाशी नेली तर आतली मंद गुणगुण ऐकू येते, आणि पाकीट न उघडताही माश्या जिवंत असल्याचे कळते.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. पिंजरी मुक्कामी पोहोचल्यावर तोच साखरेचा गोळा दुसरे काम करतो. अनोळखी राणी थेट पेटीत सोडली तर तिथल्या माश्या तिला परकी समजून मारून टाकण्याची भीती असते. म्हणून मधपाळ सोबतच्या कामकरी माश्या शक्यतो काढून घेतो, गोळ्याकडच्या टोकाचे बूच काढतो आणि पिंजरी पेटीतल्या चौकटींच्या मध्ये अडकवतो. पेटीतल्या माश्या बाहेरून गोळा खात खात आत शिरतात. त्यांना वाट मोकळी करायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात राणीचा गंध साऱ्या वसाहतीत पसरलेला असतो. वाटेतली शिदोरी आणि मुक्कामावरचा काळ मोजणारे दार अशी दोन्ही कामे एकाच गोळ्याने केली. बर्फ नाही, यंत्र नाही, वीज नाही. पाकिटाला हवेसाठी छिद्रे हवीत, ते उन्हात किंवा कीटकनाशकांजवळ राहता कामा नये आणि पोहोचल्यावर जाळीवर पाण्याचा एखादा थेंब द्यावा, एवढीच अपेक्षा असते.

कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांनाही निसर्गाने अशीच शिदोरी दिलेली असते. अंड्यातून बाहेर पडण्याच्या थोडे आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक आपल्या पोटात ओढून घेते आणि त्याच्या बळावर सुमारे ७२ तास अन्नपाण्याविना तग धरू शकते. घरट्यातली सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. शेवटचे अंडे फुटेपर्यंत आधीच्या पिल्लांना आईच्या पंखाखाली थांबावे लागते आणि ही सोय त्यासाठीच असते. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ पासून तिचा आधार घेऊन देशांतर्गत टपालात अशा पिल्लांची पार्सले स्वीकारली आहेत. पिल्ले एकमेकांच्या ऊबेवर जगतात, म्हणून ती एकेकटी न पाठवता मोठ्या संख्येने पाठवतात. ही व्यवस्था जीवशास्त्राच्या दृष्टीने पटण्यासारखी असली, तरी माझे मन तिला पूर्ण होकार देत नाही. ७२ तास ही सहनशक्तीची शेवटची सीमा आहे, प्रवासाचे वेळापत्रक नव्हे. आणि जिथे उशीर झाल्यावर भोगणारा जीव वेदना जाणणारा आहे, तिथे वेळेची शिल्लक हाताशी ठेवल्याशिवाय पार्सल करू नये, असे मला ठामपणे वाटते.

फुलपाखरांच्या बाबतीत हा प्रश्न फार सुंदर रीतीने सुटलेला आहे. जगभरातल्या प्रदर्शन-उद्यानांत दिसणारी बरीच फुलपाखरे उष्ण प्रदेशातल्या पैदासकेंद्रांतून कोषांच्या रूपात आलेली असतात. कोषातला जीव खात नाही, पीत नाही, हिंडत नाही. फक्त श्वास घेतो आणि तोही बेताने. नुकताच कडक झालेला कोष कापसाच्या थरांत अलगद बसवला की साधारण आठवडा-दोन आठवड्यांची मुदत मिळते. अळी पाठवली असती तर पाने लागली असती आणि फुलपाखरू पाठवले असते तर पंख फाटले असते. पाठवायचा जीव तोच, पण त्याच्या आयुष्यातली योग्य अवस्था निवडली की अर्धे काम झाले. शेतकऱ्यांच्या ओळखीचे ट्रायकोकार्ड याच तत्त्वावर चालते. तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी वाढत असते. अशी हजारो अंडी जाड कागदावर चिकटवलेली असतात आणि माश्या बाहेर पडण्याच्या एक-दोन दिवस आधी ते कार्ड शेतात पोहोचेल असा हिशेब केलेला असतो. कार्ड उशिरा मिळाले तर माश्या पाकिटातच बाहेर पडून मरतात, म्हणून येथे पत्त्याइतकेच महत्त्व तारखेला आहे.

जळवांबद्दल अनेकांना आश्चर्य वाटते, म्हणून एवढे सांगते की औषधी जळू एकदा पोटभर रक्त प्याल्यावर कित्येक महिने उपाशी राहू शकते. तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर शिरांत साकळणारे रक्त ओढून घेण्यासाठी शल्यविशारद आजही जळवा वापरतात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. प्रवासात त्यांना ओलावा आणि गारवा एवढेच हवे असते.

फळमाश्यांच्या कुपीविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण तिथे उघडणाऱ्याची समजही कामाला येते. अनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांत फळमाश्यांचे हजारो वेगवेगळे वाण पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राखावे लागतात, कारण जिवाणूंसारखे त्यांना गोठवून ठेवणे हे नेहमीच्या कामात सोपे नाही. वाण मागवला की अंगठ्याएवढी प्लास्टिकची नळी येते. तळाशी मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर हा समुद्रशेवाळापासूनचा थिजवणारा पदार्थ यांचे शिजवून थिजवलेले खाद्य असते, वर कापसाचे किंवा स्पंजाचे बूच असते. खाद्य फार ओले असेल तर वाटेतल्या उष्णतेने नळीच्या भिंतीवर पाणी धरते, खाद्याची वडी तळातून सुटते आणि आपटत-आपटत माश्यांना चिरडते. तापमान ३० अंशांच्या वर राहिले तर माश्या जगल्या तरी नर वांझ होऊ लागतात. नळी वरून पाहता धडधाकट दिसते आणि पुढची पिढीच येत नाही. आणि अनेकदा याच्या नेमके उलटही घडते. नळी उघडावी तर सगळ्या माश्या मेलेल्या असतात आणि नवशिका माणूस ती कचऱ्यात टाकायला निघतो. तसे करू नये. खाद्याच्या पृष्ठभागाकडे भिंगातून पाहावे. तिथे पांढऱ्या अळ्यांनी पाडलेल्या बारीक वाटा दिसल्या तर वाण जिवंत आहे, कारण माश्यांनी वाटेतच अंडी घातलेली असतात. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात आणि १८ अंशांना जवळजवळ दुप्पट. एवढा धीर धरला की नळी पुन्हा भरून जाते. खरे तर टपालातून माशी पाठवायची नसतेच, तिचा वंश पाठवायचा असतो.

आता वाळवण्याकडे येते. बिघडण्यासाठी पाणी लागते. जिवाणू वाढायला, विकरांनी आपले काम करायला, बुरशी धरायला, सगळ्यालाच पाणी लागते, आणि ते काढून घेतले की घड्याळ जवळजवळ थांबते. हे सूक्ष्मजीवशास्त्र जन्माला येण्याआधीही लोकांनी अनुभवाने ओळखले होते. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली देवीच्या लशीचा प्रयोग केला आणि लगेच प्रश्न उभा राहिला तो लस दूर नेण्याचा. गाईंना होणाऱ्या गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव दोऱ्यावर टिपून, वाळवून, कुपीत बंद करून पाठवला जाऊ लागला. १८०० साली बोस्टनजवळ बेंजामिन वॉटरहाउस या वैद्याने इंग्लंडहून आलेल्या अशाच दोऱ्याने आपल्या मुलाला लस टोचली. पुढच्या वर्षी त्याने ती लस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सनकडे पाठवायला सुरुवात केली, तेव्हा उन्हाळ्यात पहिल्या खेपा निकामी निघाल्या. जेफर्सनने त्यावर सुचवलेला उपाय मला आजही शिकवण्यासारखा वाटतो. लस अगदी लहान कुपीत घालून बूच घट्ट लावावे, ती कुपी पाण्याने भरलेल्या मोठ्या कुपीत बुडवावी आणि तिलाही बूच लावावे, म्हणजे हवा आत शिरणार नाही आणि बाहेरची उष्णता पाणी सहजासहजी आत जाऊ देणार नाही. पुढच्या खेपांतली लस लागू पडली. पाणी गरम व्हायला वेळ लागतो, एवढ्या एका साध्या गुणधर्माचा तो वापर होता. आजच्या शीतपेट्यांमधली जेलची पाकिटे याहून फार वेगळे काही करत नाहीत.

त्याच सुमारास व्हिएन्नाच्या जाँ द कारो या वैद्याने काचेच्या दोन तुकड्यांत लशीत भिजवलेला कापूस ठेवून, कडा बंद करून, वरून मेणाचे थर चढवून लस बगदादपर्यंत पोहोचवली आणि तिथून बसरामार्गे ती १८०२ च्या जूनमध्ये मुंबईला आली. मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. याउलट १८०३ साली स्पेनहून निघालेल्या बाल्मिस या वैद्याच्या लस-मोहिमेत २२ अनाथ मुलांना जहाजावर घेऊन, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस चढवत महासागर ओलांडला गेला. त्या मोहिमेने असंख्य जीव वाचवले हे खरे. पण त्या मुलांना विचारणारे कोणी नव्हते हेही तितकेच खरे आहे, आणि चांगल्या पॅकिंगचा नैतिक अर्थ मला तिथे दिसतो. काच आणि मेण पुरेसे ठरते तिथे लेकरांचे दंड वापरावे लागत नाहीत.

वाळवण्याच्या युक्तीने सर्वांत मोठे काम केले ते नवजात बालकांच्या रक्ततपासणीत. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारासाठी एक चाचणी विकसित केली आणि तिचा शोधनिबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. हा विकार पहिल्या काही दिवसांत ओळखला तर आहार बदलून बाळाच्या मेंदूला होणारी इजा टाळता येते. उशीर झाला तर ती कायमची होते. म्हणजे प्रत्येक बाळाचे रक्त, ते कुठेही जन्मले तरी, मोजक्या प्रयोगशाळांपर्यंत वेळेत पोहोचायला हवे होते. द्रव रक्त कुपीत घालून, बर्फात ठेवून, एवढ्या बाळांचे पाठवणे कधीच शक्य झाले नसते. गथ्रींनी टाचेला टोचून आलेले थेंब जाड शोषक कागदावर टिपले, वाळवले आणि तो कागद साध्या पाकिटातून पाठवण्याची पद्धत रूढ केली. चाचणीइतकेच या पाकिटाचेही श्रेय मोठे आहे, असे मी मानते.

हे कार्ड नीट भरणे ही हाताची कला आहे. छापील वर्तुळाच्या मध्यावर एकच भरपूर थेंब टेकवायचा आणि तो आपणहून पसरून मागच्या बाजूला पाझरू द्यायचा. थेंबावर थेंब ठेवला तर थर बसतात आणि मोजमाप चुकते. वर्तुळाला बोट लावायचे नाही. मग कार्ड आडवे ठेवून, दुसऱ्या कार्डाला न टेकवता, उन्हापासून आणि हीटरपासून दूर, सामान्य तापमानाला किमान तीन-चार तास वाळू द्यायचे. लालभडक रंग जाऊन गडद तपकिरी छटा आली आणि ओली चमक पूर्ण गेली की ते पाठवण्याजोगे होते. घाईने अर्धओले कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणे हा येथे सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण आतल्या दमटपणात ते पुन्हा ओले होते आणि नमुना कुजतो. कागदी पाकीट चांगले. प्लास्टिक वापरायचेच असेल तर सोबत सिलिका जेलची पुडी हवी. असे वाळलेले रक्ताचे ठिपके धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतूनही वगळलेले आहेत. जी गोष्ट द्रवरूपात निघाली तर तिप्पट वेष्टने आणि इशाऱ्याचे शिक्के मागते, ती वाळल्यावर साध्या पाकिटातून जाते.

सगळेच वाळवता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. बियांमध्येही दोन जाती असतात. धान्याचे, कडधान्याचे बी वाळवले की वर्षानुवर्षे टिकते. आंबा, फणस, कोको, रबर यांचे बी वाळवले की मरते. हेन्री विकहॅमने १८७६ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यातून लंडनच्या क्यू उद्यानात रबराच्या सुमारे ७० हजार बिया नेल्या, त्यांतल्या सुमारे २,७०० उगवल्या. घाई आणि काळजी दोन्ही असून ही गत झाली, कारण ते बी थांबायला तयारच नसते. झाडावरून पडल्यापासून ते एक तर उगवते नाहीतर मरते. अशा बिया किंवा कलमकाड्या पाठवताना ओलावा राखायचा, पण पाणी साचू द्यायचे नाही, या दोन टोकांच्या मधली वाट शोधावी लागते. कागद किंवा शेवाळ भिजवून, मुठीत घट्ट पिळून, एकही थेंब पडत नाही असे झाल्यावरच ते भोवती गुंडाळावे. कलमकाडीची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे बाष्प जाणार नाही. पिकत असलेले फळ त्याच पेटीत कधीही ठेवू नये. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले कोमेजतात आणि पाने गळतात.

एवढे सगळे पाहिल्यावर जे उरते त्यासाठी बर्फ. तापमान १० अंशांनी वाढले की बहुतेक जैविक क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून गारवा उपयोगी आहे यात शंका नाही. पाण्याच्या बर्फाचे सामर्थ्य त्याच्या वितळण्यात आहे. एक किलो बर्फ शून्य अंशाला वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो; तेच एक किलो पाणी पुढे २० अंशांपर्यंत तापायला जेमतेम ८४ किलोज्यूल घेते. म्हणजे बर्फाचा शेवटचा खडा वितळेपर्यंत पेटी थंड राहते आणि त्यानंतर फार वेगाने तापते. यातून दोन गोष्टी निघतात. पेटीतली रिकामी जागा कागदाने किंवा बर्फाने भरून काढावी, कारण मोकळी जागा राहिली तर हवा आत फिरत राहते आणि सामानही हलते. आणि बर्फाचे वजन वाटेत लागणाऱ्या वेळेच्या निम्म्याने नव्हे, तर दीडपट-दुप्पट वेळ धरून ठरवावे. थर्माकोल थंडी निर्माण करत नाही, फक्त उष्णतेला उशीर लावतो. बर्फाशिवाय थर्माकोलची पेटी म्हणजे केवळ जाड भिंतीची पेटी.

गोठवण्याचा धोका लोक विसरतात आणि तो उन्हापेक्षा कमी नाही. फ्रीझरमधून थेट काढलेले जेलपॅक शून्याच्या खूप खाली असतात आणि त्याला टेकलेली कुपी गोठते. २ ते ८ अंशांत ठेवायच्या अनेक लशी एकदा गोठल्या की निकामी होतात. न साकळलेले रक्त थंडीने गोठले की पेशी फुटतात. म्हणून पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचे जाणवेपर्यंत थांबावे आणि मगच पेटीत घालावे. शिवाय पॅक आणि नमुना यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापडाचा थर असावा.

सुक्या बर्फाबद्दल मी कोणालाही घाई करू देत नाही. उणे ७८.५ अंशांचा हा घन कार्बन डायऑक्साइड पाणी न होता थेट वायू होतो आणि एका किलोपासून ५०० लिटरहून अधिक वायू निघतो. तो हवाबंद डब्यात कोंडला तर डबा फुटतो. बंद गाडीत साचला तर चालकाचा श्वास कोंडतो. पेटीला वायू जायला वाट हवी, बाहेर यूएन १८४५ हा धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि सुक्या बर्फाचे वजन लिहिलेले हवे आणि हाताळताना जाड हातमोजे हवेत. अनेक टपालसेवा, विशेषतः परदेशी पाठवणीत, तो घेतच नाहीत, म्हणून आधी विचारून घ्यावे.

पार्सल आपल्या हातून सुटले की ते ज्यांच्या हातांतून जाते त्यांना आत काय आहे हे माहीत नसते आणि त्यांनी ते निवडलेलेही नसते. मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त हीच गोष्ट जिव्हाळ्याची वाटते. नमुने पाठवण्याची तिहेरी वेष्टनाची पद्धत त्यांच्यासाठी आहे. आतली कुपी न गळणारी. तिच्याभोवती, कुपी फुटलीच तर सगळा द्रव टिपून घेईल एवढा शोषक कापूस. मग न गळणारी दुसरी पिशवी किंवा डबा. आणि बाहेर भक्कम पेटी. रोगनिदानासाठीच्या नेहमीच्या नमुन्यांवर चौकोन तिरका उभा करून त्यात यूएन ३३७३ लिहावे लागते आणि असे पॅकिंग १.२ मीटर उंचीवरून पडले तरी फुटता कामा नये. आतल्या वस्तूंची यादी दुसऱ्या आणि बाहेरच्या वेष्टनाच्या मध्ये ठेवतात, म्हणजे कोणी पेटी उघडली तर कुपीला हात न लावता त्याला आत काय आहे ते कळते. वस्तूचे खरे वर्णन लिहिले तर पार्सल अडवतील, या भीतीने काही जण ‘भेटवस्तू’ किंवा ‘कागदपत्रे’ असे लिहून मोकळे होतात. ते मला अजिबात मान्य नाही. गळणाऱ्या पाकिटाशी झटणाऱ्या वर्गीकरण कर्मचाऱ्याला ते काय आहे हे जाणण्याचा पूर्ण हक्क आहे. शिवाय परदेशी पार्सलात रोपे, बिया, माती असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आयातीचा परवाना हे नियम उगाच केलेले नाहीत. चिमूटभर मातीतून नवी कीड नव्या भूमीवर जाऊ शकते.

वेळेचा हिशेब तर वस्तू पॅक करण्याआधीच करावा. आठवड्याच्या शेवटी पाठवलेले पार्सल सुट्टीत एखाद्या गोदामात पडून राहते आणि त्या गोदामाचे तापमान कोणाच्याच हातात नसते. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावे आणि घेणाऱ्याला आधी फोन करून तो त्या दिवशी जागेवर आहे का ते विचारावे. पेटीवर घेणाऱ्याचा दूरध्वनी मोठ्या अक्षरांत लिहावा. ‘नाशवंत’ हा शब्दही लिहावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

घेणाऱ्याचीही जबाबदारी असते, आणि तिचे सर्वांत हृद्य उदाहरण मला चार्ल्स डार्विनच्या शेवटच्या दिवसांत सापडते. १८८२ च्या फेब्रुवारीत नॉर्दॅम्प्टनच्या वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक या हौशी निसर्गअभ्यासकाने त्याला एका पाणभुंगेऱ्याविषयी लिहिले. भुंगेऱ्याच्या पायाला गोड्या पाण्यातला एक इवलासा शिंपला चिकटून बसला होता. एका तळ्यातले जीव दूरच्या दुसऱ्या तळ्यात कसे पोहोचतात, या डार्विनच्या जुन्या प्रश्नाचे ते जिवंत उत्तर होते. क्रिकने तो नमुना टपालाने पाठवला. पार्सल उघडले तेव्हा भुंगेरा अजून थोडासा जिवंत होता, म्हणून डार्विनने त्याला लॉरेलची चिरलेली पाने घातलेल्या बाटलीत ठेवले, कारण त्या पानांतून निघणाऱ्या विषारी वाफेने त्याला लवकर आणि सोपे मरण येईल. या निरीक्षणावरचे त्याचे छोटे टिपण ६ एप्रिलला ‘नेचर’मध्ये छापून आले आणि १९ एप्रिलला तो गेला. क्रिकचा नातू फ्रान्सिस पुढे डीएनएच्या रचनेच्या शोधात सहभागी झाला. आणखी मागे, १८६२ च्या जानेवारीत, जेम्स बेटमनने पाठवलेल्या फुलांच्या पेटीत डार्विनला मादागास्करच्या एका ऑर्किडचे सुमारे फूटभर लांब मधुनळी असलेले फूल मिळाले. एवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे, असे त्याने म्हटले, आणि तसा पतंग १९०३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवला. ते फूल वाटेत सडले असते तर हे भाकीत त्याला सुचले असते का, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नाशवंत पार्सलाची पोच मी त्याच दिवशी पाठवते आणि पोचेत केवळ ‘मिळाले’ एवढे लिहीत नाही. पेटी उघडली तेव्हा बर्फ किती उरला होता, कुपीबाहेर ओल होती का, शिक्का शाबूत होता का, पार्सल वाटेत किती दिवस होते आणि नमुना वापरण्याजोगा निघाला का, हे सगळे लिहिते. शक्य असेल तेव्हा उघड्या पेटीचे छायाचित्रही जोडते. पाठवणाऱ्याला आपले पॅकिंग पुढे कसे निभावले हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळू शकत नाही. तुम्हाला असे एखादे पार्सल आले तर तुम्हीही पेटी टाकून देण्याआधी एवढे पाठवणाऱ्याला जरूर कळवा, विशेषतः वस्तू खराब होऊन आली असेल तेव्हा.